कावळ्यापुढे कबूल केलेली मासळी

बायकोच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला. पण तो कुणाच्या बोलण्यावर शिवला, ह्यावर आमच्या घरात पुढचं वर्षभर भांडण चाललं.

घर तरी केवढं? झाशीत बडा बाजारच्या मागे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, वर गच्ची. त्यात मी एकटा. मुलगा नोएडाला, सून कानपूरची. बायकोचा धाकटा भाऊ बरुआसागरला आलं आणि भाजी पिकवतो. एवढ्या चार माणसांचं एका कावळ्यावरून एकमत व्हायला हरकत नव्हती. नाही झालं.

तो दिवस असा. बेतवेचा काठ, वैशाखाचं ऊन, दगडावर पाय ठेवला तर भाकरी भाजावी तसा भाजत होता. झाशीत मराठी पद्धतीनं क्रिया चालवणारे गुरुजी आता फार उरले नाहीत, त्यामुळे जे आहेत त्यांना फुरसत नाही. आमच्या गुरुजींचा फोन मंत्राच्या मधेच वाजायचा आणि ते त्याच सुरात म्हणायचे, "हां जी, बस निकल ही रहे हैं." पिंड मांडले. समोर कडुनिंबावर एक कावळा बसला होता, पण खाली येईना. मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली तर कावळा पिंडाला शिवत नाही, असं आमच्यात मानतात. मग नातेवाईकांनी हात जोडून मोठ्यानं सांगायचं, बाई गं, तुझं अमुक राहिलंय ते आम्ही करू.

लोकांनी सांगायला सुरुवात केली. मेहुणा म्हणाला, "अक्का, बांधावरचा तुझा आंबा मी तोडणार नाही." कावळ्यानं मान फिरवली. मेहुण्याची बायको म्हणाली, "वन्सं, तुमच्या नावानं सोळा सोमवार करीन." आमच्या हिनं जन्मात एक सोमवार धरला नव्हता, तिला ह्याचं काय कौतुक! शेजारी आला होता, तो म्हणाला, "भाभीजी, आपकी तुलसी में पानी हम डालेंगे." कावळा ढिम्म. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. खरा कावळा येत नसला की गवताचा टेकवून मोकळं होतात. गवताचा कावळा कधी नाही म्हणत नाही.

तेवढ्यात मुलगा पुढे झाला. हापिसात मीटिंगला बोलतो त्या आवाजात म्हणाला, "आई, तू काळजी करू नको. बाबांना मी इथे एकटं ठेवणार नाही. घर काढून टाकू आणि बाबांना नोएडाला घेऊन जातो."

आणि नेमकं त्याच वेळी मागून मी बोललो. उन्हानं माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, "अगं ये आता! ते मासे आणि मक्याचं मी करून खातो एकदा."

कावळा उतरला. दोन चोची मारल्या आणि गेला.

मुलगा माझ्या गळ्यात पडून रडायला लागला. "बघितलं ना बाबा? आई मान गयी."

"माशाला मान गयी," मी म्हणालो.

"बाबा, हे मजाक करायचं टाइम आहे का?"

गुरुजींना विचारलं, तुम्ही सांगा. गुरुजी चप्पल घालता घालता म्हणाले, "दोन्ही पूर्ण करा, म्हणजे शंकाच नको." अशी उत्तरं द्यायला पिढ्यांचं शिक्षण लागतं.

आता ते मासे आणि मक्याचं काय, ते सांगतो.

तिचं दुखणं गळ्याच्या खालचं होतं, अन्ननलिकेचं. शेवटी शेवटी पेज आणि डाळीचं पाणी, तेही चमच्यानं. जिनं जन्मभर सगळ्या गोतावळ्याला रांधून घातलं तिला गिळता येईना. मुलानं तिला मोठा फोन दिला होता, तो उशीला टेकवून ती दिवसभर दुसऱ्यांचा स्वयंपाक बघायची. देवाधर्माचं लावून दिलं तर बंद करायची. बंगाली बघितले, चिनी बघितले, एक माणूस जंगलात बसून दगडावर अंडी तळायचा तोही बघितला. सगळ्यांना नावं ठेवली. मग तिला ती बाई सापडली.

कुठल्या तरी बेटावरची, वेस्ट इंडीज म्हणतात तिकडची. मला वेस्ट इंडीज म्हटलं की उंच उंच गोलंदाज आठवतात. ते घरी जाऊन जेवतात काय, असं कधी माझ्या मनात आलं नव्हतं. ही बाई जाडजूड, डोक्याला फडकं, हसरी. बोलायची ते आम्हाला दोघांना काही कळत नव्हतं. भेंडी चिरून पाण्यात उकळायची. ते तार सुटणारं पाणी घेऊन त्यात मक्याचं जाडसर पीठ घालायची आणि एका चपट्या लाकडानं घोटत राहायची, घोटत राहायची. गोळा झाला की लोणी लावलेल्या वाडग्यात थापून ताटात उपडा करायची, देवळाच्या घुमटासारखा. शेजारी कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात मासे, गुंडाळी करून शिजवलेले.

"बघा, बघा," आमची ही म्हणायची. "भेंडीची तार जावी म्हणून मी जन्मभर तव्यावर लिंबू पिळत बसले, आणि ही तीच तार पिठात घालते. डोकं आहे बाईला." आणि घोटायची वेळ आली की हिचा जीव वर-खाली व्हायचा. फोनमधल्या बाईलाच ओरडायची, "अगं, हात थांबवू नकोस! गाठी होतील!"

एकदा म्हणाली, "मला हे खायचंय."

मी म्हणालो, "बरी हो, मी करून घालतो."

"तुम्ही?" म्हणाली, आणि इतकी हसली की खोकला आला, मला पाठ चोळावी लागली. तिचं हसणं चूक नव्हतं. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीच्या वाघिणींच्या चाकांना ग्रीस लावून म्हातारा झालो. पण त्या दुखण्यात ती तशी हसलेली मी एकदाच बघितली. म्हणून घाटावर तोंडातून तेच निघालं.

मुलगा मात्र नोएडा धरून बसला. त्याचं म्हणणं, आईनं परवानगी दिली. दर आठवड्याला फ्लॅटचे फोटो पाठवायचा. "बाबा, खाली सीनियर सिटिझनसाठी बाक आहेत." मी जाऊन बघून आलो. बाक आहेत, खरं आहे. त्यांवर माझ्यासारखे आणून ठेवलेले म्हातारे बसलेले असतात आणि एकमेकांना रक्तातली साखर सांगतात. कुणाची जास्त त्याला मान. सकाळी सगळे मिळून टाळ्या वाजवून हसतात, कुणी विनोद केलेला नसतो. आणि लिफ्टमध्ये पाटी आहे, मांस-मछली आणू नये, वास येतो. त्याच लिफ्टमधून एक बाई वासरायेवढं कुत्रं घेऊन खाली उतरली. म्हणजे त्या इमारतीत कुत्र्याला लिफ्ट आहे, माशाला नाही.

आम्ही शिपाईगड्यांच्या घरातले. आमचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यांच्या मागे इकडे आले, वाटेत जे मिळेल ते खात आले. आमचा मुलगा सोसायटीत गेल्यापासून शाकाहारी झाला. मन शांत राहतं म्हणतो. मन इतकं शांत झालं की बापाचं घर विकायला दलाल बघून ठेवला.

दिवाळीला मुलगा-सून आले तेव्हा मी सांगून टाकलं. "तुझा शब्द असेल तर माझापण शब्द आहे. तुझ्या लिफ्टमधून मासा वर जात नाही, म्हणजे माझा शब्द इथेच पुरा करावा लागेल. आधी तो होऊ दे."

सून म्हणाली, "पापाजी, आपसे तो गैस भी नहीं जलती."

"जलेगी."

मुलगा हसला. "ठीक है बाबा. तुम्ही एकटे इथे काय खाणार, ह्याचीच तर मला चिंता आहे. वर्षश्राद्धाला आम्ही येऊ. दुसऱ्या दिवशी करून दाखवा. आईला पसंत पडलं असतं असं जमलं, तर रहा इथे, मी पुन्हा नोएडाचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं."

"बांधायचं," मी म्हणालो. म्हणून बसलो.

थंडीत मी सुरुवात केली. मक्याचं पीठ आणलं तर चक्कीवाल्यानं पावडरीसारखं बारीक दळून दिलं. ते पाण्यात पडलं की गोट्या व्हायच्या, वरून ओल्या, आत कोरड्या. फोन बघून करावं तर एका हातात फोन, एका हातात डाव, मग भांडं कोण धरणार? फोन डब्याला टेकवला. ऐन घोटायच्या वेळी ती बाई गायब झाली आणि एक माणूस गाद्या विकायला आला. ह्या गादीवर पाठदुखी जाते, म्हणे. तो जाईपर्यंत तळ लागला होता. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात सुगरणीपेक्षा गादीवाला जास्त वेळ असायचा.

मेहुणा बरुआसागरहून बसनं भाजी घेऊन यायचा, त्याला खायला घालायचो. भला माणूस, एक घास घेऊन गप्प बसायचा. एकदा राहवलं नाही. "भाऊजी, हे भिंतीला लावलं तर चुना निघेल, हे निघणार नाही."

"गिळ. तुझ्या अक्काची इच्छा आहे."

"अक्काची इच्छा तुम्ही खायची होती. माझं नाव कुठे घेतलं होतं?"

खरं तर डाव गोल होता, तिथे चुकत होतं. त्या बाईचं लाकूड चपटं होतं. तसं लाकूड बडा बाजारात शोधून शोधून दमलो. शेवटी खेळण्यांच्या दुकानाबाहेर लहान पोरांच्या क्रिकेटच्या बॅटी टांगलेल्या दिसल्या. त्यातली सगळ्यात छोटी हातात घेतली. अगदी तीच!

दुकानदार म्हणाला, "दादाजी, पोते के लिए?"

"नहीं, मक्का घोटने के लिए."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "बॉल भी दे दूँ?"

"बॉल अपने आप बन जाते हैं," मी म्हणालो.

बॅटीवरचा रंग काचेच्या तुकड्यानं खरवडला, दोनदा उकळून घेतली. वेस्ट इंडीजचा पदार्थ, तो बॅटीनंच व्हायला पाहिजे होता. मेहुणा म्हणाला, आता जरा भिंतीसारखं कमी लागतं.

वर्षश्राद्ध शनिवारी आलं. गुरुजी आले, फोन वाजले, सगळं यथासांग झालं. गच्चीवर कावळ्यासाठी ठेवलेलं पान माकडांनी पळवलं. आम्ही विचारायच्या आधीच गुरुजींनी सांगितलं, "चालतं."

रविवारी सकाळी मेहुणा तळ्यातला रोहू घेऊन आला, दुधाच्या किटलीत. बसमध्ये एका बाईनं त्याला विचारलं म्हणे, भैया, दूध किस भाव. त्या बेटावरच्या बाईचा मासा उडतो, त्याला पंख असतात, असं मुलगा फोनमध्ये वाचून मला दाखवायला लागला. "बाबा, मासाच तो नाही, मग डिश कसली?" आमचा रोहू पोहायचासुद्धा कंटाळा करतो, उडायचं सोडूनच द्या. पण मासा तो मासा. त्याचे काटे काढून गुंडाळी करता करता तो सगळा सुटला. उरल्या काट्यांसकट तुकडेच टाकले. त्या बाईचा कसलासा पाला असतो, तो इथे मिळत नाही, मी ओवा टाकला.

मुलगा दारात हाताची घडी घालून उभा, कारखान्यात तपासणीला साहेब यायचे तसा. सून नाकाला ओढणी लावून गच्चीच्या पायरीवर बसली होती आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, "हो गया?" समोरच्या घरातून आवाज आला, "दादा, आज क्या महक रहा है?" त्या घरात सगळे कंठीवाले, कांदासुद्धा खात नाहीत. मी म्हणालो, "मछली है." खिडकी लागली. पण पूर्ण नाही लागली.

भेंडी उकळली. तार सुटली. पीठ सोडलं आणि बॅट धरली. घोटायला लागलो तसा घाम डोळ्यांत उतरला. हात भरून आला, खांद्यातून कळ निघाली. फोन बंदच ठेवला होता, गादीवाल्याचं तोंड बघायचं नव्हतं. पण हिचं ओरडणं कानात होतं, त्याला फोन लागत नाही. हात थांबवू नकोस, हात थांबवू नकोस. नाही थांबवला. मुलगा मधे म्हणाला, "बाबा, द्या, मी करतो थोडं."

"शर्तीत तू नाहीस. लांब हो."

वाडगा उपडा केला. अर्धा घुमट ताटात आला, अर्धा वाडग्यात राहिला. उरलेला खरवडून हातानं वर थापला. आमच्या किल्ल्याच्या बुरुजांना सरकारी माणसं डागडुजी करतात, तसा दिसत होता.

पहिलं पान तिचं. केळीच्या पानावर मक्याचा गोळा, माशाचे दोन तुकडे, रस्सा. गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि सगळे मागे उभे राहिलो. सूनपण ओढणीसकट आली. मुलानं हात जोडले आणि घसा साफ केला.

"तोंड उघडू नको," मी म्हणालो. "मीपण उघडत नाही. आज कुणी काही कबूल करायचं नाही. बघू या."

मेहुण्यानं तोंडावर हातच ठेवला.

आम्ही नीट उभे राहतो न राहतो तोच कावळा आला. कुणी बोलावलं नाही, कुणी विनवलं नाही. आला, माशाचा तुकडा उचलला, टाकीवर बसून खाल्ला. परत आला, दुसरा नेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मक्याला चोच लावली, मग ती चोच कठड्याला दोन्ही बाजूंनी पुसली आणि उडून गेला.

मग मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी घाटावर..."

"त्या दिवशी कोरडा भात होता आणि ऊन होतं. आज मासळी आहे. त्याला तुझ्या फ्लॅटचं काय आणि माझ्या शब्दाचं काय?"

झालं. वर्षभराचा खटला निकालात निघाला, दोघंही हरलो. आता मधे कावळा उरला नाही. मुलगा कठड्याला टेकून खाली बडा बाजाराकडे बघत राहिला. मग मीटिंगच्या नाही, साध्या आवाजात म्हणाला, "बाबा, सकाळी तुमचा फोन लागला नाही ना, तर तो लागेपर्यंत मी हापिसात वर जात नाही. आईचं असंच फोनवर कळलं होतं मला. म्हणून म्हणतो चला."

हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं. वर्षभर बाकांचे फोटो पाठवले, हे नाही सांगितलं.

मी म्हणालो, "रोज सकाळी मीच लावीन फोन. पण तिकडे नेलंस तर मी त्या बाकावर बसून टाळ्या वाजवत मरेन. इथे निदान भांडी घासत मरेन."

"मरायचंच का बोलता?"

"मग जेवायचं बोल. चल, निवतंय."

जेवायला बसलो. सुनेनं माशाशिवाय नुसता मक्याचा तुकडा घेतला, चाखला आणि विचार करून म्हणाली, "हलवे जैसा है पापाजी. बस, मीठा नहीं है. और हलवा नहीं है." मुलगा म्हणाला, मला फक्त रस्सा, चवीपुरता. रश्श्यात एक तुकडा गेला, तो त्यानं बाजूला काढला नाही. मग आणखी एक. मन शांतच असावं, कारण शेपटीपर्यंत गेला. लहानपणी आई त्याला काटे काढून द्यायची, त्यामुळे काटे काढायला त्याला अजून येत नाही. मी काढून त्याच्या ताटात ठेवत गेलो, तो खात गेला. समोरची खिडकी आता बरीच उघडी होती.

मग मक्याचा घास घेतला आणि तो थांबला. जिभेनं काहीतरी चाचपलं.

"बाबा, गाठी आहेत."

आहेत, हे मलाही पहिल्या घासाला कळलं होतं. बारीक, पण होत्या. शर्त मी विसरलो नव्हतो. हिला पसंत पडलं असतं का? नसतंच पडलं. ताट सरकवून म्हणाली असती, तुम्ही?

मेहुण्याचं चावणं बंद झालं. सून ताटात बघायला लागली. मी म्हणालो, "आहेत. सामान थोडंच आहे माझं. बांधतो."

मुलानं ती गाठ दातांखाली फोडली, चावली, गिळली. खिशात फोन वाजला तो त्यानं बाहेर काढला, दलालाचं नाव मला इथूनही वाचता आलं. त्यानं तो बंद करून उलटा ठेवला. पाणी प्याला. हात धुवायला उठता उठता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या श्राद्धाला परत करा. तेव्हा गाठी चालणार नाहीत."

सून म्हणाली, "और पापाजी, मीठा वाला भी."

संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. मी बॅट घासून गच्चीवर वाळत ठेवली. कठड्यावर मक्याचा गोळा तसाच होता, मुंग्यांनीसुद्धा लांबून वळसा घातला होता.

आता दर रविवारी करून बघतो. पीठ बदललं, भेंडी कोवळी घेतली, आच कमी केली. मेहुणा हल्ली रविवारी फारसा येत नाही, त्याला आल्याच्या शेतात काम निघतं. गाठी का होतात ते मला अजून कळलेलं नाही. हिला विचारलं असतं. ती नाही, म्हणून फोन डब्याला टेकवून त्या बेटावरच्या बाईला मोठ्यानं विचारतो. ती हसते, हात थांबवत नाही, आणि उत्तर द्यायच्या वेळी गादीवाला येतो.